प्रेग्नन्सी किटवर फिकट रेघ आली तर काय समजायचं? घाई नको, दुर्लक्षही नको

पाळी चार दिवस लांबली. मेडिकलमधून कागदात गुंडाळून किट आणलं आणि सकाळी घरात कोणी उठायच्या आत टेस्ट केली. पहिली रेघ ठळक उमटली. दुसरी मात्र आहे की नाही, तेच कळेना. खिडकीजवळ नेऊन बघितलं, मोबाईलच्या टॉर्चखाली धरलं, फोटो काढून मैत्रिणीला पाठवला. मैत्रीण म्हणते आहे, बहीण म्हणते नाही. अशी सकाळ अनेक जणींच्या वाट्याला येते.

या गोंधळातून दोन प्रकारच्या चुका होतात. कोणी खात्री न करताच दुकानातून गोळ्या आणून घेते. कोणी 'निगेटिव्हच असेल' म्हणून सोडून देते आणि आठ दिवसांनी पोटदुखीने थेट दवाखान्यात दाखल होते. दोन्ही टाळता येण्यासारख्या आहेत. त्यासाठी किट काय सांगतं आणि काय सांगू शकत नाही, एवढं माहीत असलं तरी पुरे.

थोडक्यात लक्षात ठेवा

- वेळेच्या आत उमटलेली, गुलाबी रंगाची, पूर्ण लांबीची दुसरी रेघ कितीही फिकट असली तरी ती पॉझिटिव्ह समजायची.
- शंका असेल तर ४८ तासांनी, सकाळच्या पहिल्या लघवीवर, नवीन किटने पुन्हा टेस्ट करायची. मधल्या काळात पाळी आणण्याची किंवा गर्भ पाडण्याची कोणतीही गोळी घ्यायची नाही.
- पोटात जोराची कळ, चक्कर किंवा रक्तस्राव असेल तर किटवर काहीही आलेलं असो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

किट नेमकं काय तपासतं?

गर्भ राहिला की शरीरात एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होऊ लागतं. पण हे संबंध आल्या दिवशीच होत नाही. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर साधारण ६ ते १२ दिवसांनी फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजतं आणि त्यानंतरच एचसीजी रक्तात, मग लघवीत दिसू लागतं. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याचं प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होत जातं.

किटमधल्या पट्टीवर या संप्रेरकाला पकडणारे रंगीत कण असतात. लघवी पट्टीवरून पुढे सरकते. तिच्यात एचसीजी असेल तर ते कणांसकट 'टी' या अक्षराजवळ अडकतं आणि तिथे रेघ दिसते. उरलेले कण पुढे 'सी'जवळ अडकतात. म्हणून 'सी'ची रेघ गर्भाबद्दल काहीच सांगत नाही. पट्टीने नीट काम केलं, एवढंच तिच्यावरून कळतं. उत्तर असतं ते 'टी'जवळ.

बाजारातली बरीच किट मिलिलिटरमागे २५ एककांच्या आसपास एचसीजी असेल तेव्हा रेघ दाखवतात. समजा आज तुमच्या लघवीत हे प्रमाण २५ च्या काठावर आहे. मग रेघ असून नसल्यासारखी दिसेल. दोन-तीन दिवसांनी तेच ५० च्या आसपास गेलं की तीच रेघ स्वच्छ दिसेल. '४८ तास थांबा' या सल्ल्यामागे हेच गणित आहे.

रेघा कशा वाचायच्या?

- फक्त 'सी'जवळ रेघ : निगेटिव्ह. म्हणजे गर्भ नाही, किंवा तपासायला फार लवकर झालं आहे.
- दोन्ही ठिकाणी रेघ : पॉझिटिव्ह. 'टी'ची रेघ 'सी'पेक्षा फिकट असली तरी चालते.
- फक्त 'टी'जवळ रेघ, किंवा एकही रेघ नाही : किट बाद. याला पॉझिटिव्हही म्हणायचं नाही आणि निगेटिव्हही नाही. नवीन किट घ्यायचं.
- अर्धवट, तुटक रेघ किंवा नुसता गुलाबी डाग : अनिश्चित. ४८ तासांनी पुन्हा.
- करडी, रंगहीन, सावलीसारखी रेघ : बहुतेक वेळा ही वाळल्यावर दिसणारी रेघ असते. पुन्हा टेस्ट करूनच ठरवायचं.

कचऱ्यातून काढून बघितलेलं किट

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. सकाळी टेस्ट केली, एकच रेघ आली, किट डब्यात टाकलं. दुपारी राहवेना म्हणून पुन्हा काढून बघितलं तर दुसरी रेघ हजर! लघवी वाळली की 'टी'च्या जागी एक पुसट खूण उरू शकते. तिला गर्भाचा पुरावा मानता येत नाही. बहुतेक किटचं उत्तर पाच मिनिटांनी वाचायचं असतं आणि दहा मिनिटांनंतर ते ग्राह्य धरत नाहीत. नेमका वेळ त्या-त्या किटच्या पत्रकात दिलेला असतो, तोच धरायचा. मोबाईलवर गजर लावा, वेळेत बघा, हवं तर तेव्हाच फोटो काढून ठेवा आणि किट टाकून द्या.

उलट चूकही होते. घाईघाईत एकाच मिनिटाने बघून 'नाही' म्हणायचं आणि किट फेकायचं. फिकट रेघ उमटायला पूर्ण वेळ लागू शकतो.

रेघ फिकट का येते?

बहुतेक वेळा कारण साधं असतं.

एक, टेस्ट फार लवकर केली. पाळीची तारीख उलटायच्या आधीच केली तर संप्रेरक पुरेसं तयार झालेलं नसतं. दोन, लघवी पातळ होती. दुपारी, दोन तांबे पाणी पिऊन केलेल्या टेस्टमध्ये रेघ पुसट येते. सकाळची पहिली लघवी घट्ट असते म्हणून ती चांगली. तीन, स्त्रीबीज यावेळी उशिरा बाहेर पडलं. आजारपण, प्रवास, ताण यांमुळे महिना पुढे-मागे होतो आणि आपण समजतो त्यापेक्षा गर्भाचे दिवस कमी असतात. चार, किट जुनं किंवा गरमीत राहिलेलं आहे. बहुतेक किट ३० अंशांच्या आत ठेवायची असतात. एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या कपाटात पडलेल्या किटवर भरवसा ठेवू नका.

पाचवं कारण मात्र लक्ष देण्यासारखं आहे. गर्भ नीट वाढत नसेल, किंवा गर्भाशयाबाहेर रुजला असेल, तर एचसीजी हवं तसं वाढत नाही आणि रेघ फिकटच राहते. पहिल्या चार कारणांतली रेघ दोन-तीन दिवसांत बहुधा ठळक होते. तशी ती झाली नाही तर घरी तिसरं, चौथं किट वापरत बसू नका. रक्ततपासणी करून घ्या.

टेस्ट नीट कशी करायची?

१. पाकिटावरची मुदत बघा. पाकीट फाटलेलं असेल तर परत करा.
२. पाळी चुकल्याच्या दिवसापासून पुढे टेस्ट करा. एक आठवडा थांबलात तर उत्तर अधिक खात्रीचं.
३. लघवी स्वच्छ, कोरड्या भांड्यात घ्या. साबणाचा अंश राहिलेली वाटी नको.
४. पाकीट टेस्टच्या वेळीच फोडा. आतली दाण्यांची छोटी पुडी ओल शोषण्यासाठी असते, ती बाजूला टाका.
५. किट सपाट जागेवर ठेवा आणि पत्रकात सांगितले असतील तेवढेच थेंब गोल खाचेत टाका. 'जास्त टाकले तर चांगलं कळेल' असं नाही, उलट पट्टी भिजून खराब होते.
६. वेळ लावा. किट हलवू नका, फुंकर मारू नका.
७. उजेडात वाचा. मोबाईलवर फोटोचे रंग वाढवून रेघ शोधू नका. तशी शोधावी लागत असेल तर उत्तर 'अनिश्चित' समजा.

साखर, मीठ, टूथपेस्ट किंवा खायचा सोडा लघवीत टाकून करायच्या ज्या चाचण्या मोबाईलवर फिरतात, त्यांना कसलाच आधार नाही. फेस आला म्हणजे गर्भ आहे असं होत नाही.

निगेटिव्ह आली, पण पाळीचा पत्ता नाही

तीन दिवस ते आठवडाभर थांबून पुन्हा टेस्ट करा. पाळी मुळातच अनियमित असेल तर 'कधी चुकली' हेच सांगता येत नाही. अशा वेळी शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर २१ दिवस मोजायचे आणि मग टेस्ट करायची. तेव्हाही निगेटिव्ह असेल तर पाळी लांबण्याचं कारण बहुधा दुसरं असतं. थायरॉइड, पीसीओएस, वजनातला मोठा फरक, स्तनपान, किंवा चाळिशीनंतरचे बदल. दोन-तीन टेस्ट निगेटिव्ह येऊनही पाळी येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

इमर्जन्सी गोळी घेतली असेल तर त्या महिन्याची पाळी लवकर किंवा उशिरा येऊ शकते. अपेक्षित तारखेपेक्षा आठवडाभर जास्त गेला तर टेस्ट कराच. ती गोळी किटचं उत्तर बदलत नाही. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या, तापाची गोळी किंवा अँटिबायोटिक यांनीही बदलत नाही.

एक दुर्मीळ प्रकारही सांगून ठेवतो. गर्भ बऱ्याच आठवड्यांचा झाला की एचसीजी इतकं वाढतं की कधी कधी पट्टीच गोंधळते आणि रेघ फिकट येते किंवा येतच नाही. दोन-अडीच महिने पाळी नाही, मळमळतंय, छाती जड वाटते आणि तरी किट निगेटिव्ह, असं असेल तर किटवर विसंबू नका.

पॉझिटिव्ह आली, पण गर्भ नसेल तर?

असं कमी होतं, पण होतं. वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर पुढचे दहा ते चौदा दिवस किट खोटं पॉझिटिव्ह दाखवू शकतं. अलीकडे बाळंतपण किंवा गर्भपात झाला असेल तर जुनं संप्रेरक काही आठवडे लघवीत राहतं. क्वचित एखाद्या आजारातही एचसीजी वाढतं, म्हणून सोनोग्राफीत काही दिसत नसताना टेस्ट सारखी पॉझिटिव्ह येत असेल तर पुढची तपासणी टाळायची नाही.

आणखी एक प्रसंग अनेक जणींच्या वाट्याला येतो. आज फिकट पॉझिटिव्ह, चार दिवसांनी निगेटिव्ह आणि पाठोपाठ पाळी. गर्भ रुजायला लागला होता आणि अगदी सुरुवातीलाच थांबला, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. यात जिना चढला, पपई खाल्ली, गाडीवर बसली म्हणून बाईला दोष देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती चुकीची आहे. इतक्या लवकर थांबणारे बरेच गर्भ गुणसूत्रांतल्या दोषामुळे थांबतात. त्यात कोणाचा हात नसतो.

इथे एक दिवसही थांबू नका

किट गर्भ आहे का, एवढंच सांगतं. तो कुठे आहे हे सांगत नाही. शंभरातल्या साधारण एक ते दोन गर्भधारणांमध्ये गर्भ गर्भाशयाऐवजी बहुधा गर्भनलिकेत रुजतो. तो वाढला की नलिका फुटते, पोटात रक्तस्राव होतो आणि जिवावर बेततं. किटवर रेघ फिकट असो की ठळक, पुढील लक्षणं दिसली तर लगेच निघा:

- ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, जोराची किंवा वाढत जाणारी कळ
- पाळीसारखा नसलेला, थोडा-थोडा, काळपट रक्तस्राव
- खांद्याच्या टोकाला दुखणं
- चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, बेशुद्धी

आपल्या भागात कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बायका खूप आहेत. 'माझं ऑपरेशन झालंय, मला कसे दिवस राहतील?' म्हणून त्या टेस्टच करत नाहीत. ऑपरेशननंतर गर्भ राहणं दुर्मीळ आहे, पण राहिलाच तर तो नलिकेत असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. कॉपर-टी असतानाही तेच. म्हणून या दोन्ही गटांतल्या बाईला फिकट रेघ दिसली तर ४८ तासही थांबायचं नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं. कळ आणि चक्कर असेल तर १०८ला फोन करा. ही रुग्णवाहिका कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा तिन्हीकडे मिळते.

रक्ततपासणी आणि सोनोग्राफी

बीटा एचसीजी या रक्ततपासणीत संप्रेरकाचं प्रमाण आकड्यात कळतं. साधारणपणे ५ च्या खाली निगेटिव्ह, २५ च्या वर पॉझिटिव्ह आणि मधला आकडा आला तर पुन्हा तपासणी. एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधली वाढ जास्त बोलकी असते. म्हणून डॉक्टर ४८ तासांनी पुन्हा रक्त द्यायला सांगतात. दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये द्या, म्हणजे तुलना नीट होते.

सोनोग्राफीची घाई करून उपयोग नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून पाच आठवड्यांच्या सुमारास गर्भाची पिशवी दिसू लागते आणि ठोके साधारण सहाव्या आठवड्यानंतर. त्याआधी 'काही दिसत नाही' असं सांगितलं तर लगेच खचून जाऊ नका, डॉक्टर देतील त्या तारखेला पुन्हा जा. दुखत असेल तर मात्र ही वाट बघायची नाही.

गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलू

गर्भपाताच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे आणि त्यामागे कारण आहे. गर्भ नलिकेत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही. रक्तस्राव मात्र होतो, बाईला वाटतं काम झालं, आणि आत नलिका फुटायला आलेली असते. दिवस किती झालेत हे न कळता घेतल्या तर गर्भपात अर्धवट राहू शकतो. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचा असतो.

गर्भ नको असेल तर कायदेशीर मार्ग आहे. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१चा असून २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतावर आणि २० ते २४ आठवड्यांत ठराविक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मतावर गर्भपात करता येतो. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा सासूची सही कायद्याने लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अविवाहित स्त्रीलाही हाच हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. हा केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे बेळगावात, कोल्हापुरात आणि पणजीत तो एकच.

निकाल कळेपर्यंत काय करायचं?

मूल हवं असेल तर गर्भ आहे असंच समजून वागा. दारू, तंबाखू बंद. मिश्रीही तंबाखूच आहे, तीही बंद. एक्स-रे काढायची वेळ आली तर आधी सांगा. मिरगी, रक्तदाब यांची औषधं मनाने थांबवू नका, पण ती किंवा मुरुमांची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. फॉलिक ॲसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायला पक्क्या निकालाची वाट बघावी लागत नाही.

कुठे जायचं?

किट विकत घ्यायला संकोच वाटत असेल तर गावातल्या आशाताईंना विचारा. 'निश्चय' नावाचं सरकारी किट त्यांच्याकडून मोफत मिळतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात टेस्टही होते आणि नोंदणीही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी असते.

सीमाभागात एक अडचण वेगळी. सासर खानापुरात आणि माहेर चंदगडात असेल तर तपासण्या दोन राज्यांत विभागल्या जातात. कर्नाटकात नोंदणी केल्यावर तायी कार्ड मिळतं, महाराष्ट्रात माता-बाल संरक्षण कार्ड. कुठेही जाताना कार्ड, रक्ताचे रिपोर्ट आणि सोनोग्राफीचा कागद सोबत ठेवा. कन्नड वाचता येत नसेल तर फॉर्मवर सही करण्याआधी आशाताईंकडून किंवा नर्सकडून मराठीत समजून घ्या. विचारायला लाजू नका. शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून नेली की अर्धं काम होतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रेघ ठळक म्हणजे जुळी, किंवा मुलगा?
नाही. रेघेच्या रंगावरून जुळी, मुलगा, मुलगी काहीच कळत नाही. आणि गर्भलिंग तपासणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

दोन कंपन्यांच्या किटवर वेगवेगळं उत्तर आलं तर?
प्रत्येक किटची संवेदनशीलता वेगळी असते. दोन दिवसांनी एकाच प्रकारच्या किटने पुन्हा करा, किंवा रक्ततपासणी.

रक्तगट निगेटिव्ह आहे, काही वेगळं?
हो. टेस्ट पॉझिटिव्ह असून रक्तस्राव झाला तर डॉक्टरांना रक्तगट लगेच सांगा, काही वेळा इंजेक्शन द्यावं लागतं.

टेस्ट रात्री केली तर चालते का?
पाळी चुकून आठवडा झाला असेल तर बहुधा चालते. त्याआधी मात्र सकाळची पहिली लघवीच घ्या. रात्रीच करायची असेल तर तीन-चार तास लघवी रोखलेली हवी आणि त्या वेळात फार पाणी प्यायलेलं नको.

शेवटी एवढंच. फिकट रेघ बघून घरात पेढे वाटायची घाई नको आणि गोळी गिळायचीही नको. शेवटच्या पाळीची तारीख लिहा, दोन दिवसांनी सकाळी पुन्हा टेस्ट करा. मध्येच कळ आली, चक्कर आली, तर किट बाजूला ठेवा आणि घरातल्या एकाला तरी सांगून दवाखाना गाठा. घरात सांगण्यासारखं कोणी नसेल तर आशाताईंना सांगा, पण एकटीने सहन करत बसू नका.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या तब्येतीबाबत स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या.)